मदिना : आलेल्याला घर देणारं गाव

वाशिष्ठी

हजच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांत काबाभोवतीच्या गर्दीचे फोटो छापून येतात. मदिनेच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते, की प्रेषित मुहम्मदांची कबर इथे आहे. आमच्या खाडीपट्ट्यातली हज करून आलेली वडीलधारी मंडळी मात्र मक्केचं विचारलं की गर्दीचं सांगतात आणि मदिनेचं विचारलं की तिथल्या माणसांचं. त्यामुळेच मी या शहराचा इतिहास वाचायला घेतला आणि माझं मत पक्कं होत गेलं : मदिना टिकली ती बाहेरून आलेल्याला जागा करून देण्याच्या सवयीवर. राजधानी म्हणून तिला अवघी ३४ वर्षं मिळाली, इ. स. ६२२ ते ६५६. त्यानंतर ती कायम कुणाच्या ना कुणाच्या राज्याच्या एका टोकाला राहिली. तरी लोक येत गेले आणि राहत गेले.

जुनं नाव यस्रिब. बाबिलोनचा राजा नबोनिडस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अरबस्तानात तैमा इथे दहा वर्षं राहिला होता. आपण कुठवर गेलो ते त्याने शिलालेखात कोरून ठेवलंय, त्या गावांच्या यादीत शेवटचं नाव यस्रिबचं आहे. पण शहर म्हणावं असं ते नव्हतं. पूर्वेला आणि पश्चिमेला काळ्या लाव्ह्याची पठारं, मध्ये पाणी लागणारी जमीन आणि तिच्यावर विखुरलेल्या वाड्या. प्रत्येक कुळाची आपली खजुराची बाग, आपली विहीर आणि हल्ला झाला तर आत शिरून दार लावून घ्यायला एक गढी. कैनुका, नजीर आणि कुरैजा हे ज्यू कबिले, औस आणि खजरज हे अरब कबिले. औस-खजरज परंपरेनुसार येमेनकडून आलेले, म्हणजे गावातले जुने म्हणवणारेही कधीकाळी उपरेच होते.

या दोन अरब कबिल्यांत पिढ्यान् पिढ्यांचं वैर होतं. हिजरतच्या, म्हणजे प्रेषित मक्केहून इथे आले त्याच्या, थोडी वर्षं आधी बुआसची लढाई झाली आणि दोन्हीकडची कर्ती माणसं त्यात गेली. गाव भांडून दमलं होतं. दोघांपैकी कुणाचाही नसलेला माणूस निवाड्याला हवा होता, आणि तिकडे मक्केत प्रेषितांना राहणं अशक्य झालं होतं. मक्केजवळच्या अकबाच्या घाटीत ६२१ आणि ६२२ मध्ये गावच्या माणसांच्या आणि प्रेषितांच्या आणाभाका झाल्या त्या या पार्श्वभूमीवर.

प्रेषित आधी कुबा या वाडीत उतरले, तिथे मशीद बांधली गेली, मग आत आले. जो तो म्हणे, आमच्याकडे उतरा. एकाकडे उतरावं तर दुसरा दुखावणार. त्यांनी आपल्या कसवा नावाच्या सांडणीचा लगाम मोकळा सोडला आणि ती बसेल तिथे मुक्काम, असं ठरवलं. ती बसली ती दोन पोरक्या भावांच्या खळ्यावर, जिथे खजूर वाळत घालायचे. जागा फुकट देऊ केली होती, पण प्रेषितांनी पैसे मोजून घेतली. मातीच्या कच्च्या विटा, खजुराच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्या, अशी ती पहिली मशीद. रमजानात एका रात्री पाऊस आला, छत गळलं आणि नमाजनंतर प्रेषितांच्या कपाळाला चिखल लागलेला सोबत्यांनी पाहिला, अशी नोंद हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्यावागण्याच्या आठवणींत, आहे. संगमरवर आणि झुंबरांची आजची मशीद पाहताना मला हा चिखल आठवतो.

मक्केहून आलेल्या मुहाजिरांकडे काही नव्हतं. घरं, माल, गुरं सगळं मागे राहिलेलं. तेव्हा प्रत्येक मुहाजिराची मदिनेच्या एकेका अन्साराशी, म्हणजे तिथल्या मदतगार रहिवाशाशी, भाऊ म्हणून जोडी लावून दिली गेली. अब्दुर्रहमान बिन औफ यांची जोडी साद बिन रबी यांच्याशी होती. साद म्हणाले, माझ्या मालमत्तेतला निम्मा वाटा तुमचा. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली आणि विचारलं, बाजार कुठे भरतो तेवढं दाखवा. ते बाजारात गेले आणि परतताना थोडं तूप आणि सुकवलेलं दही कमावून घेऊन आले. पुढे ते मदिनेतल्या सगळ्यांत धनाढ्य माणसांत गणले गेले. देणारा निम्मं द्यायला निघाला आणि घेणाऱ्याने फक्त रस्ता विचारला. मला या प्रसंगात दोघेही तेवढेच मोठे वाटतात.

ज्यांना असा भाऊही मिळाला नाही ते मशिदीच्या मागच्या बाजूला, झावळ्यांच्या सावलीतल्या सुफ्फ्यावर, म्हणजे ओट्यावर, राहत. हदीस सांगणाऱ्यांत ज्यांचं नाव सर्वाधिक वेळा येतं ते अबू हुरैरा याच सुफ्फ्यावरचे.

आणि पाणी. गोड्या पाण्याची रूमाची विहीर खासगी होती, मालक पाणी विकायचा. हजरत उस्मान यांनी आधी तिचा निम्मा हक्क घेतला : एक दिवस मालकाचा, एक दिवस उस्मान यांचा. उस्मान यांच्या दिवशी पाणी फुकट, त्यामुळे लोक त्याच दिवशी दोन दिवसांचं भरून ठेवत. मालकाच्या दिवशी कुणी फिरकेना, तेव्हा त्याने उरलेला निम्माही विकला आणि विहीर सगळ्यांसाठी वक्फ, म्हणजे धर्मादाय, झाली. टँकरची वाट पाहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

थांबते. पुढचं प्रतिसादांतून लिहीन. कुणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

कातळकोरीव

ताई, सुरेख लिहिलंय. भूगर्भशास्त्र हा माझा विषय, म्हणून लाव्ह्याबद्दल थोडी भर.

ती काळी पठारं म्हणजे हर्रा. आपला सह्याद्रीही बेसाल्टचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मदिनेजवळच्या हर्रात रहातमधला सर्वांत अलीकडचा लाव्हा वाहिला तो १२५६ मध्ये, माणसांच्या डोळ्यांदेखत. आधी काही दिवस भूकंपाचे धक्के बसले, लोक मशिदीत गोळा झाले, मग शहराच्या पूर्वेकडे जमीन फाटली. जवळजवळ ५२ दिवस लाव्हा येत होता, प्रवाह २३ किलोमीटर लांब गेला आणि शहराच्या अलीकडे थांबला. तिथल्या बखरकारांनी हे दिवसवार लिहून ठेवलंय, त्यामुळे ज्वालामुखीच्या अभ्यासकांना त्या नोंदी आजही उपयोगी पडतात.

६२७ च्या खंदकाच्या लढाईचं मर्मही याच दगडात आहे. लाव्ह्याच्या टोकदार कातळांवरून घोडा चालत नाही. दक्षिणेला दाट बागा आणि घरं. मक्केच्या फौजेला घोडदळ आणायला मोकळी बाजू उरली ती उत्तरेची, म्हणून खंदक फक्त उत्तरेला खणला. अरबांना ही युक्ती नवी होती. ती सुचवली सलमान फारसी यांनी, म्हणजे इराणातून गुलामीची वाट तुडवत मदिनेत पोचलेल्या माणसाने. तुमचा मुद्दा इथेही लागू पडतो.

देऊळवाडा

धागा आवडला, पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. आलेल्याला जागा देणारं गाव म्हणता, मग आधीपासून राहणाऱ्या ज्यू कबिल्यांचं काय झालं? खंदकाच्या लढाईनंतर कुरैजा कबिल्याच्या पुरुषांना मारलं गेलं, असं वाचलंय.

वाशिष्ठी

राग कसला? हा प्रश्न टाळून मदिनेचा इतिहास सांगताच येणार नाही.

सुरुवातीला जो करारनामा झाला त्यात मुहाजिर, अन्सार आणि ज्यू कुळं यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या लिहिलेल्या होत्या : आपापला धर्म पाळावा, गावावर हल्ला झाला तर मिळून लढावं. तो टिकला नाही. मक्केवाल्यांशी झालेल्या बद्रच्या लढाईनंतर कैनुका आणि उहुदच्या लढाईनंतर नजीर यांना गाव सोडावं लागलं. कुरैजांवर खंदकाच्या वेढ्याच्या काळात शत्रूशी संधान बांधल्याचा आरोप होता. त्यांचा निवाडा औसचे सरदार साद बिन मुआज यांच्याकडे गेला आणि पुरुषांना मृत्युदंड, बायकामुलांना गुलामी, असा निकाल झाला. जुन्या चरित्रग्रंथांत मारल्या गेलेल्यांचा आकडा ४०० पासून ९०० पर्यंत येतो. आधुनिक अभ्यासकांत या तपशिलांवर वाद आहे. त्या काळच्या युद्धनीतीत हे बसत होतं असं म्हणणारे आहेत आणि ते खरंही असेल, पण मला त्या बायकामुलांचा विचार केल्याशिवाय हे पान उलटता येत नाही. ज्या बागा त्यांनी लावल्या, त्या विहिरींचं पाणी पुढे दुसऱ्यांनी प्यायलं. मदिनेच्या आतिथ्याचं मी जे लिहिलं ते मी मागे घेत नाही. त्याच्या शेजारी हेही असलं पाहिजे.

देऊळवाडा

सरळ उत्तराबद्दल आभार. आता राजधानी गेली कशी, ते लिहा.

वाशिष्ठी

प्रेषितांचं ६३२ मध्ये निधन झालं. हजरत आयशांच्या खोलीतच दफन झालं, पुढे अबू बक्र आणि उमरही तिथेच शेजारी. तिसरे खलिफा उस्मान यांचा ६५६ मध्ये मदिनेतच त्यांच्या घराला वेढा घालून खून झाला. चौथे खलिफा अली इराककडे गेले, कूफा हे त्यांचं केंद्र झालं. मग दमास्कस, मग बगदाद. सत्ता मदिनेला परत आली नाही. ६८३ मध्ये तर दमास्कसचा खलिफा यझीद याच्या फौजेने हर्राच्या लढाईत मदिनेलाच तुडवलं. प्रेषितांचे हयात सोबती आणि त्यांची मुलं त्यात मारली गेली.

पण सत्ता गेली आणि शहराला दुसरंच काम मिळालं. ज्याला प्रेषित कसे वागत, कसे नमाज पढत, कसे मोजमाप करत हे जाणून घ्यायचं होतं, तो इथे यायचा. इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांनी तर मदिनेच्या लोकांची रोजची रीत हाच कायद्याचा एक आधार मानला. पिढ्यान् पिढ्या जे सगळं गाव करत आलंय ते एखाद्या सुट्या कथनापेक्षा भरवशाचं, असं त्यांचं म्हणणं. आज मोरोक्कोपासून नायजेरियापर्यंतचे कोट्यवधी मुसलमान त्यांचा मार्ग पाळतात.

मशिदीबद्दल एक गोष्ट राहिली. खलिफा वलीदच्या हुकमावरून ७०७ च्या सुमारास मशीद वाढवली, तेव्हा प्रेषितांच्या पत्नींच्या मातीच्या खोल्या पाडल्या. मदिनेचे लोक त्या दिवशी रडले असं लिहिलेलं आहे. सईद बिन मुसय्यिब हे तिथले मोठे विद्वान. या खोल्या राहू दिल्या असत्या तर पुढच्या लोकांना दिसलं असतं की प्रेषित किती थोडक्यात राहिले, अशा अर्थाचं ते बोलले होते. मशीद मोठी करायची की जुनं राखायचं, हा तिथला वाद तेराशे वर्षं जुना आहे.

रूळतपासनीस

आमच्या खात्याशी संबंधित म्हणून हेजाझ रेल्वेवर लिहितो.

तुर्की सुलतान अब्दुल हमीद दुसरा याच्या काळात १९०० मध्ये दमास्कसकडून काम सुरू झालं आणि १९०८ मध्ये गाडी मदिनेत पोचली. अंतर साधारण १३०० किलोमीटर. गेज १०५० मिलिमीटर, आपल्या मीटरगेजपेक्षा पाच सेंटिमीटर रुंद. उंटांच्या काफिल्याला चाळीसेक दिवस लागत, तो प्रवास तीन-चार दिवसांवर आला. मुख्य अभियंता माइसनर हा जर्मन होता, पण अल-उलाच्या पुढचं काम मुसलमान अभियंत्यांनीच केलं, कारण पुढचा प्रदेश पवित्र मानला जाई. पैसा जगभरच्या मुसलमानांच्या वर्गणीतून आला आणि त्यात हिंदुस्थानातून गेलेली रक्कमही होती.

ही रेल्वे सगळ्यांना नको होती, हेही सांगायला हवं. काफिल्यांना उंट भाड्याने देणं आणि वाटेत संरक्षणाचे पैसे घेणं हे वाळवंटातल्या बदू टोळ्यांचं पोट होतं. गाडी मक्केपर्यंत गेली असती तर ते पुरतं बुडालं असतं. या रेल्वेचे रूळ मदिनेच्या पुढे कधीच गेले नाहीत.

मग १९१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसैनचं तुर्कांविरुद्ध बंड झालं आणि मदिनेला वेढा पडला. आत तुर्की सेनापती फखरी पाशा. ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स आणि अरब तुकड्या रूळ उडवत, तुर्क ते पुन्हा जोडत. लाइन पुरती तोडायची नाही, जेमतेम चालू ठेवायची, म्हणजे तुर्की फौज ती सांभाळण्यातच अडकून राहते, असा लॉरेन्सचा हिशेब होता. रुळावर काम केलेल्या माणसाला कळेल की रोज उखडणारी आणि रोज जोडायची लाइन म्हणजे काय.

अन्न संपत आलं तेव्हा पाशाने टोळ खाण्याबद्दल सैन्यासाठी पत्रक काढलं, कसे भाजायचे इथपासून. शहरातल्या बहुतेक रहिवाशांना त्याने आधीच गाडीत बसवून उत्तरेला पाठवलं होतं, आणि रौजामधल्या, म्हणजे मशिदीतल्या प्रेषितांच्या कबरीकडच्या भागातल्या, मौल्यवान वस्तू इस्तंबूलला. त्या आजही तोपकापी राजवाड्यात आहेत. ऑक्टोबर १९१८ मध्ये तुर्कस्तानने शस्त्रं खाली ठेवली तरी फखरी पाशा मदिना सोडेना. शेवटी जानेवारी १९१९ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला ताब्यात घेऊन शरणागती पत्करली.

वाशिष्ठी

रूळतपासनीस दादा, फार चांगली भर. पाशाची निष्ठा मोठी खरी, पण मला त्या गाडीत बसवलेल्या घरांचं जास्त वाईट वाटतं. आलेल्यांना जागा देणाऱ्या गावातून गावकऱ्यांनाच घालवलं गेलं. कित्येक कुटुंबं सीरियात पांगली आणि परतलीच नाहीत. अरबीत त्या काळाला अजून 'सफर बरलिक' म्हणतात.

खुलताबादी

मी खुलताबादचा. आमच्याकडे झैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात प्रेषितांचा मानला जाणारा पेहराव जपलेला आहे, रबीउल अव्वलच्या १२ तारखेला तो लोकांना दाखवतात. लांबलांबून माणसं येतात. मदिनेला जाणं ज्यांना जन्मात परवडलं नाही अशा घरांतल्या बायका त्या दिवशी रांगेत उभ्या असतात.

हिंदुस्थानातून मदिनेत शिकायला आणि शिकवायला गेलेल्यांबद्दल कुणी लिहीत नाही. दिल्लीचे शाह वलीउल्लाह १७३१-३२ च्या सुमारास मदिनेत अबू ताहिर कुर्दी यांच्याकडे हदीस शिकले. त्याच शतकात सिंधचे मुहम्मद हयात मदिनेतच शिकवत होते आणि त्यांच्या शिष्यांत अरबस्तानातल्या नज्दचे मुहम्मद बिन अब्दुल वहाब होते, ज्यांची कबरी सजवण्याविरुद्धची शिकवण सौदी राज्याने उचलली.

त्यावरून बकीच्या कब्रस्तानाचं लिहितो, कारण ते मनाला लागतं. मशिदीच्या शेजारीच आहे. हजरत उस्मान, इमाम हसन, इमाम जाफर सादिक, इमाम मालिक अशी माणसं तिथे आहेत. कबरींवर घुमट होते. पहिल्या सौदी राज्याने १८०५ मध्ये मदिना घेतली तेव्हा ते पाडले. तुर्कांनी ते पुन्हा बांधले. डिसेंबर १९२५ मध्ये इब्न सौदच्या फौजेने शहर घेतलं आणि थोड्याच महिन्यांत घुमट दुसऱ्यांदा गेले. शिया मंडळी ८ शव्वालला अजून शोक पाळतात. आम्ही सुन्नी, दर्ग्याच्या सावलीत वाढलेलो, आम्हालाही ते फोटो पाहवत नाहीत. नुसती माती आणि डोक्याशी एकेक दगड.

माझगावकर

खुलताबादी भाऊ, भावना समजते, पण दुसरी बाजूही ऐका. कबरीला सजवू नये, तिच्याकडे मागू नये, ही शिकवण मनापासून पाळणारे लोक आहेत आणि त्यांच्या लेखी ती साधी मातीच खरा आदर आहे. आमच्या घरात हा मतभेद बाप-लेकांत होता.

माझ्या वडिलांच्या पिढीने मुंबईहून जहाजाने हज केलं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात देशभरची माणसं आधी येऊन थांबायची. विदर्भातली, बिहारची, आसामची, सगळी एकाच छपराखाली पेट्या-वळकट्या घेऊन. जहाज जेद्दाला लागायचं, तिथून बस. १९९५ नंतर जहाजं बंद झाली.

आपल्याकडचे हाजी मदिनेत आठ दिवस राहतात, चाळीस नमाज पुऱ्या करायला. त्या दिवसांत माणूस बाजारात जातो, अजवा खजूर चाखतो, कुबाला शनिवारी चालत जाऊन येतो. म्हणून वाशिष्ठीताई म्हणतात तसं मदिनेची माणसं लक्षात राहतात, कारण मक्केत विधींची घाई असते आणि इथे वेळ असतो.

वाशिष्ठी

माझगावकर काका, आदिलशाहीच्या काळात हजची जहाजं आमच्या दाभोळहूनही सुटत. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय समुद्रात जाता यायचं नाही, तरी लोक जात.

बकीबद्दल मी खुलताबादींच्या बाजूची आहे. साधी कबर समजू शकते. पण जे होतं ते पाडताना मागची हजार वर्षंही पुसली जातात. १२५६ सालीच, लाव्हा थांबल्यावर थोड्याच आठवड्यांनी, एका सेवकाच्या दिव्याने मशीद जळाली. १४८१ मध्ये मिनारावर वीज पडून पुन्हा जळाली. तेव्हा समहूदी नावाचा इतिहासकार मदिनेत राहत होता, मूळचा इजिप्तचा. तो मक्केला गेला असताना आगीत त्याची पुस्तकं गेली. तरी त्याने मदिनेचा इतिहास पुन्हा लिहून काढला, कुठली भिंत कुठे होती हे हातांनी मोजून. त्या शहरातल्या किती जागा आज आपल्याला फक्त त्याच्या मोजमापांमुळे माहीत आहेत! दगड राहिला नाही तर निदान कुणीतरी मोजून ठेवलेलं असावं.

कातळकोरीव

हिरवा घुमट केव्हाचा?

वाशिष्ठी

लाकडी घुमट इजिप्तचा ममलूक सुलतान कलाऊन याने १२७९ मध्ये बांधला. तोवर कबरीवर घुमट नव्हता. आजचा बांधीव घुमट १८१८ च्या सुमाराचा, तुर्की काळातला, आणि हिरवा रंग १८३७ चा.

माझगावकर

मशीद वाढवण्याबद्दल एक सांगतो. जुनी गल्लीबोळांची वस्ती १९८०-९० च्या दशकांतल्या विस्तारात गेली याचं दुःख मलाही आहे. पण आज तिथे लाखो लोक येतात. बाहेरच्या अंगणात अडीचशे यांत्रिक छत्र्या सकाळी उघडतात, संध्याकाळी मिटतात, पायाखाली तापत नाही अशी फरशी. सत्तरीची बाई तिथे भर उन्हाळ्यात नमाज पढू शकते. आलेल्याला जागा करून देणं म्हणजे हेही झालंच ना?

वाशिष्ठी

हो काका, हे मान्य. फक्त त्या गल्ल्यांत राहणाऱ्यांची घरंही कुठेतरी नोंदलेली असायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं. छत्र्यांना माझा विरोध नाही.

देऊळवाडा

शेवटचा प्रश्न. मुसलमान नसलेल्या माणसाला मदिना पाहता येते का?

माझगावकर

प्रेषितांच्या मशिदीत आणि तिच्या पवित्र आवारात (हरममध्ये) नाही. शहराच्या बाकीच्या भागाबाबत नियम अलीकडे सैल झालेत. रस्त्यावरच्या 'फक्त मुस्लिमांसाठी' या पाट्यांच्या जागी 'हरमची हद्द' असं आलंय. जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या तेव्हाच्या मंत्री स्मृती इराणी यांचं शिष्टमंडळ मदिनेला गेलं होतं, उहुदचा डोंगर आणि कुबाची मशीद त्यांनी बाहेरून पाहिली. मुसलमान भाविकांनाही रौजासाठी आता नुसुक अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते, तेव्हा निघण्याआधीच ती घेऊन ठेवा.

रूळतपासनीस

आणि जाणाऱ्यांनी हेजाझ रेल्वेचं जुनं स्टेशन चुकवू नये. काळ्या लाव्ह्याच्या दगडातली इमारत, शेडमध्ये जुनी इंजिनं आणि डबे, आता संग्रहालय आहे. मशिदीपासून फार लांब नाही. कुणी जाणार असेल तर इंजिनांच्या नंबरपाट्यांचे फोटो इथे टाका, माझ्याकडच्या यादीशी जुळवून पाहायचेत.